'ॲनालिस्ट एरर' लिहून टाका

औषध कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे माल तपासणाऱ्या लॅबमध्ये, काम करणाऱ्या कुणालाही महिन्याच्या २८ तारखेनंतर फोन करून बघा. फोन उचललाच, तर नुसत्या आवाजावरून कळेल. सेल्सचं टार्गेट, डिस्पॅचची गाडी, टेंडरची मुदत, सगळं त्या तीन-चार दिवसांत लॅबच्या दारात येऊन बसतं. प्रॉडक्शनने बॅच काढलेली असते, पॅकिंगवाले हात जोडून तयार असतात, आणि माल अडकलेला असतो तो आमच्या एका सहीसाठी.

तारापूरच्या एमआयडीसीत माझी बरीच वर्षं गेली. लॅबमध्ये नव्याने आलेली मुलं मला हमखास विचारतात, "मॅडम, वरून प्रेशर आलं तर काय करायचं?" त्यांच्या डोळ्यांसमोर असं चित्र असतं, की एक दिवस कुणीतरी केबिनमध्ये बोलावेल, दार लावून घेईल आणि म्हणेल, खोटा रिपोर्ट दे. माझ्या नोकरीत असं मला कुणीही म्हटलेलं नाही. "बघा ना काहीतरी," एवढंच म्हणतात. "आज क्लोज करून टाका," म्हणतात. म्हणणारा बहुतेक वेळा चांगला माणूस असतो, त्याच्या डोक्यावरही कुणीतरी बसलेलं असतं, आणि घड्याळात रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. खऱ्या-खोट्याचा प्रश्न आमच्याकडे वेळेचा प्रश्न होऊन येतो. म्हणून तो ओळखायलाच उशीर होतो.

एक प्रकरण सविस्तर सांगते. कंपनीचं आणि औषधाचं नाव सांगणार नाही, त्याची गरजही नाही.

गोळी पोटात जाऊन वेळेवर विरघळली नाही, तर तिच्यात औषध पुरेपूर असूनही उपयोग नाही. ते तपासायला डिसोल्यूशन टेस्ट असते. काचेची सहा भांडी, प्रत्येकात ९०० मिली मीडियम, म्हणजे गोळी विरघळवायचं द्रव, तापमान ३७ अंश, वरून पॅडल फिरतंय. एकेका भांड्यात एकेक गोळी सोडायची, ३० मिनिटांनी नमुना काढायचा, गाळायचा आणि किती औषध विरघळलं ते एचपीएलसी नावाच्या यंत्रावर मोजायचं. आमच्या त्या गोळीची मर्यादा होती ७५ टक्के. फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथात, याला पुरेशी सवड दिलेली आहे. पहिल्या सहा गोळ्यांत प्रत्येक गोळी किमान ८० हवी. नाही आली, तर आणखी सहा घ्या आणि बारांची सरासरी ७५ आणा. तीही नाही आली, तर आणखी बारा घ्या आणि चोवीसची सरासरी बघा. सुट्या गोळीलाही खालची मर्यादा आहे, तो तपशील इथे सोडते. सांगायचं एवढंच, की पुन्हा तपासणं हा गुन्हा नाही. ते नियमातच आहे, आणि कुठे थांबायचं तेही नियमातच आहे.

त्या बॅचची चोवीस गोळ्यांची सरासरी आली ७३.९. नापास. ओओएस, म्हणजे मर्यादेबाहेरचा निकाल, उघडावा लागला.

अशा वेळी पहिली चौकशी लॅबचीच होते, आणि ती व्हायलाच हवी. आमच्याकडून काही चुकलं का? वजनाचे प्रिंटआउट काढले. पॅडल तळापासून २५ मिलिमीटरवर होतं का, तापमान किती होतं, मीडियमचा पीएच किती होता, सगळं पाहिलं. एचपीएलसीच्या ट्रेमध्ये त्याच व्हायल्स, म्हणजे नमुन्याच्या छोट्या बाटल्या, अजून होत्या, त्या पुन्हा इंजेक्ट केल्या. आकडे तेच. स्टँडर्ड बरोबर, कॅल्क्युलेशन बरोबर. टेस्ट करणारा मुलगा प्रोबेशनवर होता, पण हात स्वच्छ होता त्याचा. मी स्वतः शिकवलेला.

रात्री आमचे सर आले. सरकारी टेंडरचा माल होता, उशीर झाला की दंड. फाइल चाळून ते म्हणाले, "मीडियम नीट डीगॅस झालं नसेल. ॲनालिस्ट एरर लिहून टाका, दुसऱ्या कुणाकडून रिपीट करून घ्या."

हे वाक्य किती नेमकं होतं, ते क्यूसीवाल्यांनाच कळेल. डीगॅस करणं म्हणजे मीडियममधली हवा काढून टाकणं. मीडियममध्ये हवेचे बुडबुडे राहिले, की ते गोळीला चिकटतात आणि निकाल कमी येऊ शकतो. हे खरं आहे, पुस्तकात आहे. आणि मीडियम टेस्ट झाली की ओतून देतात, त्यामुळे ते नीट डीगॅस केलं होतं की नव्हतं, हे नंतर कुणालाच सिद्ध करता येत नाही. शिवाय ७३.९ म्हणजे अगदी काठावरचा आकडा. पुन्हा केली असती, तर बॅच पास होण्याची शक्यता चांगलीच होती. कुणी पकडलं नसतं. ज्याच्या नावावर चूक लिहायची, तो मुलगाही तयार होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, मी करतो सही. काय होतंय? एक रीट्रेनिंग लागेल, बस."

मी त्याला म्हटलं, "तू डीगॅस केलं होतंस का?"

"केलं होतं."

"मग काय लिहिणार?"

तो गप्प झाला. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती त्याचीच. रीट्रेनिंगचा कागद त्याच्या फाइलमध्ये कायम राहिला असता, ते एक. पण त्याहून वाईट म्हणजे, आपण बरोबर केलेलं काम सोयीनुसार चूक ठरवता येतं, हे तो नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकला असता. पुढे त्याला स्वतःच्या कुठल्या आकड्यावर भरवसा राहिला असता? आमच्या धंद्यात 'ॲनालिस्ट एरर'ची बरीच प्रकरणं अशीच बंद होतात. सर्वांत खालच्या माणसाने न केलेली चूक अंगावर घ्यायची, वरचे सगळे मोकळे. याची मला मनापासून चीड आहे.

१९९३ साली अमेरिकेत बार लॅबोरेटरीज या औषध कंपनीच्या खटल्यात न्यायालयाने यावर स्पष्ट निकाल दिला होता. नापास निकाल आला म्हणून पास येईपर्यंत तपासत राहता येणार नाही, आणि कारण सापडल्याशिवाय नापास निकाल रद्दही करता येणार नाही. आज आम्ही ओओएसची जी पद्धत पाळतो, तिचं मूळ त्या खटल्यात आहे. २००५ साली न्यू जर्सीतल्या एबल लॅबोरेटरीज या औषध कंपनीत नापास निकाल बदलले जात असल्याचं बाहेर आलं. कंपनीला आपली सगळी उत्पादनं बाजारातून परत घ्यावी लागली, ती दिवाळखोरीत गेली, आणि पुढे तिथल्या माजी कर्मचाऱ्यांनी न्यायालयात गुन्हे कबूल केले. हे मी नव्या मुलांना मुद्दाम सांगते. 'सरांनी सांगितलं होतं' हे वाक्य सहीच्या रकान्यात कुठेच बसत नाही.

मी सरांना नाही म्हटलं नाही, हेही सांगायला हवं. आवाज चढवून नाही म्हणण्याने माझ्याकडे तरी आजवर काही साधलेलं नाही. मी म्हटलं, "सर, डीगॅसिंग झालं नव्हतं याला आपल्याकडे आधार काहीच नाही. लॉगबुकात वेळ आहे, व्हॅक्यूमची नोंद आहे. तरी तुम्हाला तसं वाटत असेल, तर मला तेवढं मेलवर कळवा, मी रिपोर्टला जोडते." सर थोडा वेळ फाइलकडे पाहत राहिले. मेल आला नाही. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही आकस नाही. क्रोमॅटोग्रामकडे, म्हणजे एचपीएलसीच्या आलेखाकडे, कसं पाहायचं, ते मी त्यांच्याकडूनच शिकले. त्या रात्री दंडाचा हिशेब त्यांच्या डोक्यात होता आणि तो काही काल्पनिक नव्हता.

सरांनी जाता जाता एक प्रश्न विचारला. तो मला फार प्रामाणिक वाटला, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. "एका टक्क्याने पेशंटचं काय बिघडणार आहे?"

एका टक्क्याने बहुधा काहीही बिघडलं नसतं. ७३.९ आणि ७५ मधला फरक पेशंटच्या शरीराला कळतही नसेल. पण आमच्या त्या गोळीच्या आधीच्या बॅचेस ८८ ते ९२ च्या दरम्यान असायच्या. तिथून एकदम ७३.९! प्रश्न त्या चौदा ते अठरा टक्क्यांचा होता. प्लांटमध्ये काहीतरी नेहमीपेक्षा वेगळं घडलं होतं, आणि त्याची एकुलती एक खूण आमच्या हातात होती. ती 'ॲनालिस्ट एरर' म्हणून पुसून टाकली असती, तर तेच पुन्हा घडलं असतं, आणि पुढच्या खेपेला किती बिघडेल याची हमी कोण देणार?

दुसऱ्या दिवशी क्यूएच्या, म्हणजे गुणवत्तेची हमी बघणाऱ्या विभागाच्या, माणसाला घेऊन मी प्रॉडक्शनमध्ये उतरले. बीएमआर काढला, म्हणजे बॅचचं सगळं रेकॉर्ड. सगळं चोख. ब्लेंडिंगच्या पानावर मॅग्नेशियम स्टिअरेट घातल्यानंतरचं मिक्सिंग: ३ मिनिटं, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, सही. मॅग्नेशियम स्टिअरेट गोळी दाबणाऱ्या पंचला पावडर चिकटू नये म्हणून घालतात. ते चरबीच्या जातीचं, पाण्याला दूर ठेवणारं. थोडा वेळ फिरवलं की काम झालं. जास्त वेळ फिरवलं, तर प्रत्येक कणावर त्याचा पातळ थर बसतो, पाणी आत शिरत नाही, गोळी उशिरा विरघळते आणि तिचा कडकपणाही कमी होतो. कॉम्प्रेशनच्या, म्हणजे पावडर दाबून गोळी बनवण्याच्या, नोंदी पाहिल्या, तर त्या बॅचला कडकपणा मिळत नव्हता म्हणून दाब तीनदा वाढवलेला होता. म्हणजे बोट ब्लेंडरकडेच जात होतं. पण कागदावर ३ मिनिटं होती आणि कागद सही केलेला होता.

ब्लेंडरवर त्या दिवशी जे होते, त्यांना सगळे काका म्हणतात. काँट्रॅक्टवरचे. अशा माणसाला काढायचं तर ना मेमो लागतो ना चौकशी. ठेकेदाराने 'उद्यापासून येऊ नका' म्हटलं की संपलं. चेंज रूमच्या बाहेर चहाच्या सुट्टीत मी त्यांना गाठलं. "काका, किती मिनिटं फिरवलं?" असं विचारलं नाही. त्याचं उत्तर तीनच आलं असतं. विचारलं, "त्या दिवशी ब्लेंडरवर नेहमीपेक्षा वेगळं काही झालं का?"

काकांनी कप खाली ठेवला. "मॅडम, शिफ्ट सुटायची वेळ होती. रिलिव्हर आला नव्हता. मशीन सुरू करून सुपरवायझरला बघायला बाहेर गेलो. परत आलो तेव्हा फिरतच होतं. वीसेक मिनिटं झाली असतील." मग म्हणाले, "माझं नाव लिहिणार का?"

नाही म्हणावं, असं फार वाटलं. पण ते खोटं ठरलं असतं, बीएमआरवर त्यांचीच सही होती. मी म्हटलं, "नाव लिहावं लागेल, काका. पण जे लिहीन ते आधी तुम्हाला वाचून दाखवीन."

आणि दाखवलं. रिपोर्ट इंग्रजीत, म्हणून एकेक ओळ मराठीत करून सांगितली. एका ठिकाणी मी 'मशीन सोडून गेले' असं लिहिलं होतं. ते म्हणाले, "सोडून नाही गेलो, बोलवायला गेलो." मी ते बदललं. तेच खरं होतं.

कामाच्या जागची नीतिमत्ता म्हणतात तिचा विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर तो कप खाली ठेवणारा माणूस येतो. मी सरांसमोर उभी राहिले, पण मला गमवायला फार काही नव्हतं. मी पर्मनंट, डिग्री हातात, बोईसर ते वाळूज कुठेही नोकरी मिळाली असती. काकांनी मात्र एका वाक्यात घरातलं पीठ-मीठ पणाला लावलं. कंपनीत खरं बोललं जाईल की नाही, हे भिंतीवरच्या 'क्वालिटी पॉलिसी'च्या फ्रेमवर ठरत नाही. पहिल्यांदा खरं सांगणाऱ्याचं पुढे काय झालं, ते सगळे टिपत असतात. लॉकर रूममध्ये, शेअर रिक्षात, बोईसर स्टेशनवर गाडीची वाट बघताना तीच चर्चा असते.

मीटिंगमध्ये एचआरने मेमो पुढे ठेवला. त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. वीस मिनिटं फिरलेलं असताना तीन लिहिणं म्हणजे खोटी नोंद, डेटा इंटिग्रिटीचा सरळ भंग. मी म्हटलं, नोंद खोटी आहे, हे रिपोर्टात मीच लिहिलंय. पण ती खोटी आहे हे आपल्याला कळलं कुणामुळे? पकडला गेलेला माणूस आणि स्वतःहून सांगणारा माणूस, दोघांना एकच शिक्षा दिलीत, तर पुढच्या वेळी कोण सांगेल? आणि ब्लेंडरला आपोआप बंद होणारा टायमर नाही, रिलिव्हर येईपर्यंत काय करायचं याचा नियम नाही, याचा मेमो कुणाला? बराच वेळ वाद झाला. काकांना लेखी समज मिळाली, काढलं नाही. मला लेखी समजही नको होती. बॅच नष्ट केली. टेंडरचा माल उशिरा गेला, दंड भरला. टायमर बसला. शिफ्ट बदलायच्या आधी पाव तास लुब्रिकेशन, म्हणजे मॅग्नेशियम स्टिअरेटचं मिक्सिंग, सुरू करायचं नाही, असा नियम झाला.

त्यानंतर काही महिन्यांनी कॉम्प्रेशनचा एक मुलगा स्वतःहून क्यूएच्या खिडकीशी आला. हातात चाळणी. "मॅडम, हिची तार तुटलीय, बॅचमध्ये गेली असेल." ती बॅच पुन्हा मेटल डिटेक्टरमधून काढली आणि तार सापडली. त्याला मी विचारलं, "सांगावंसं वाटलं?" तो म्हणाला, "काका अजून कामावर आहेत ना."

नव्या मुलांच्या ट्रेनिंगमध्ये मी १९८६ चं जे. जे. रुग्णालय सांगते. आपल्याच मुंबईत उपचारासाठी दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं आणि १४ रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. तेव्हा जन्मलेली नसलेली मुलं ते इतिहास म्हणून ऐकतात. मग मी ऑक्टोबर २०२५ वर येते. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याचं सिरप पिऊन वीसहून अधिक मुलं दगावली. तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेने तपासलं, तेव्हा त्यात तेच डायइथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघालं. मर्यादा ०.१ टक्के आहे. वर्गात इथे नेहमी शांतता पसरते. याची चाचणी फार्माकोपियात आहे, आमच्यासारख्या कुठल्याही लॅबला करता येते. कुणीतरी ती करायची असते, आणि आकडा आला की कुणीतरी थांबवायचं असतं.

कायद्याचा आधार विचाराल, तर थोडा आहे. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना तक्रारीसाठी व्हिजिल मेकॅनिझम ठेवावं लागतं. २०१४ चा व्हिसल ब्लोअर संरक्षण कायदा संसदेने केला, पण तो लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरता, आणि तोही अंमलात आणलेला नाही. तारापूरच्या छोट्या युनिटमधल्या काँट्रॅक्ट कामगाराला यातल्या कशाचाच उपयोग नाही. रॅनबॅक्सी या औषध कंपनीतले दिनेश ठाकूर यांनी सगळं पणाला लावून अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाला माहिती दिली, आणि २०१३ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरले. त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. पण प्रत्येक प्लांटमध्ये ठाकूर असतील, या भरवशावर औषधं बनवता येत नाहीत. साध्या, घाबरणाऱ्या, घरी पोरंबाळं असलेल्या माणसाला खरं सांगणं परवडलं पाहिजे, आणि ती सोय कंपनीने करायची असते.

म्हणून सध्या मी एका गोष्टीच्या मागे लागले आहे. डेव्हिएशनच्या एसओपीत, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं घडलं तर काय करायचं त्याच्या लेखी नियमांत, एक कलम घालायचं: आपल्या हातून झालेली चूक किंवा चुकीची नोंद जो स्वतःहून सांगेल, त्याच्यावर त्या कारणासाठी शिस्तभंगाची कारवाई होणार नाही, आणि काँट्रॅक्टवरच्या माणसालाही हे लागू राहील. जाणूनबुजून केलेली फसवणूक यात येणार नाही. प्लांट हेडना मान्य आहे. ठेकेदाराच्या करारात तसं लिहून घ्यायलाही ते तयार आहेत. एचआरची एकच अट आहे, लॅबचा निकाल येण्याच्या आधी सांगितलं असेल तरच माफी. ती अट मला मान्य नाही. त्या अटीवर काकाच बसत नाहीत, त्यांनी निकालानंतर, मी विचारल्यावर सांगितलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा बैठक आहे.